इंग्लिश खेड्याचा जुना फोटो: घरं सोडा, रस्ता बघा

इंग्लंडमधल्या खेड्यांची जुनी पोस्टकार्डं जुन्या बाजारात, लिलावाच्या साइटवर आणि घरगुती अल्बममध्ये ढिगानं सापडतात. गावाचं नाव असतं, कधी 'हाय स्ट्रीट' किंवा 'चर्च लेन' असंही छापलेलं असतं. साल मात्र बहुतेक वेळा नसतं. मग बघणारा घरांकडे बघतो. शाकारलेली छपरं, लाकडी चौकटीच्या भिंती, बसक्या खिडक्या दिसल्या की 'खूप जुना फोटो' असं ठरवून मोकळा होतो. इथेच गफलत होते. तारखेच्या बाबतीत इंग्लिश खेड्यातलं घर हा सगळ्यात निरुपयोगी साक्षीदार आहे. सतराव्या शतकातलं घर १९०० च्या फोटोत जसं दिसतं तसंच १९५० च्या फोटोत दिसतं आणि आजही तसंच उभं असतं. १९४७ च्या नगररचना कायद्यानं जुन्या इमारतींच्या याद्या होऊ लागल्या, १९६७ च्या सिव्हिक अमेनिटीज ॲक्टनं गावातले भागच्या भाग संवर्धन क्षेत्र म्हणून राखता येऊ लागले. तेव्हापासून घराचं बाहेरचं रूप बदलणं आणखीच अवघड झालं.

खरा बदल झाला तो घरांच्या दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात. रस्त्याचा पृष्ठभाग, त्याच्या कडा, खांब, तारा, पाट्या, रंगवलेल्या रेघा. इथे दर दहा-पंधरा वर्षांनी काहीतरी नवं आलं, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी केव्हा आल्या याची पक्की नोंद आहे. फोटोचा काळ ठरवायचा असेल तर आधी जमिनीकडे बघावं, मग खांबांकडे, आणि घरांकडे सगळ्यात शेवटी.

त्याही आधी कार्ड उलटं करून बघावं. ब्रिटनमध्ये १९०२ च्या सुरुवातीपासून पोस्टकार्डाची मागची बाजू मधोमध विभागून एकीकडे पत्ता आणि दुसरीकडे मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली. त्याआधी ती बाजू फक्त पत्त्यासाठी होती, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीनं लिहिलेला असायचा. मधली रेघ असेल तर कार्ड १९०२ किंवा त्यानंतरचं. देशांतर्गत पत्त्यावर अर्ध्या पेनीचं तिकीट असेल तर ते बहुधा जून १९१८ च्या आधी पोस्टात पडलेलं, कारण तेव्हा दर एक पेनी झाला. पण शिक्क्यावरची तारीख पोस्टात टाकल्याची असते, फोटो काढल्याची नसते. प्रकाशक एकच प्लेट दहा-दहा, वीस-वीस वर्षं विकत. चित्र जुनाट वाटू नये म्हणून तारा पुसत, गाडी खरवडून काढत. खांब आहे आणि त्यावर एकही तार नाही असं दिसलं, तर कुणीतरी ब्रश फिरवलाय असं समजायला हरकत नाही. म्हणून नियम एवढाच ठेवावा: फोटोत दिसणारी वस्तू 'याच्यानंतरचा' हे खात्रीनं सांगते, न दिसणाऱ्या वस्तूवर फार भरवसा ठेवू नये.

पांढरा रस्ता आणि काळा रस्ता

१९०५-१० च्या आसपासच्या कार्डांत खेड्यातला रस्ता जवळजवळ पांढरा दिसतो. ही खडी आणि भुकटी. जॉन लाउडन मॅकॅडम १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या टर्नपाइक ट्रस्टचा, म्हणजे टोल घेऊन रस्ते राखणाऱ्या मंडळाचा, सर्व्हेअर झाला आणि त्याची पद्धत इंग्लंडभर पसरली. खाली मोठ्या दगडांची सोलिंग नको, लहान फोडलेली खडीच थरावर थर पसरायची. एकही दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड नको. ३० फूट रुंदीच्या रस्त्याला मधोमध फक्त तीन इंचांचा उठाव, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना निघून जातं. खडीत माती मिसळायची नाही, कारण माती पाणी धरते आणि थंडीत ते गोठून थर उचलला जातो. महाराष्ट्रात आजही ग्रामपंचायतीच्या निविदेत 'डब्ल्यूबीएम' आणि 'खडीकरण' हे शब्द असतात. त्यातला 'एम' याच मॅकॅडमचा. फरक इतकाच की आपल्याकडे मुरूम, पाणी आणि रोलर वापरून थर मुद्दाम बसवतात; मॅकॅडमनं ते काम गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांवर सोपवलं होतं.

हा रस्ता मोडला तो मोटारगाडीमुळे, आणि का मोडला हे समजून घेण्यासारखं आहे. लोखंडी धाव खडीवरून जाताना दगड थोडा दळते; ती भुकटी फटींत बसते, पावसानं घट्ट होते आणि थर एकजीव राहतो. घोडागाडी रस्ता झिजवत होती आणि त्याच वेळी बांधतही होती. हवेच्या रबरी टायरचं उलटं. तो दळत नाही, पण वेगात जाताना फटींतली भुकटी ओढून बाहेर उडवतो. भुकटी गेली की खडी सुटी, खडी सुटली की खड्डा. १८९६ च्या कायद्यानं मोटारींना ताशी १४ मैलांपर्यंत मुभा दिली, १९०३ च्या कायद्यानं ती २० मैल केली, आणि उन्हाळ्यात गावोगावची कुंपणं, खिडक्या, वाळत घातलेले कपडे धुळीनं पांढरे होऊ लागले. उपाय म्हणून डांबर आलं. नॉटिंगहॅमशायरचा काउंटी (जिल्हा) सर्व्हेअर एडगर पर्नेल हूली यानं १९०२ मध्ये डांबरात घोळवलेल्या स्लॅगच्या, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीच्या, खडीचं पेटंट घेतलं. 'टारमॅक' हे नाव तिथलं. पण बहुतेक खेड्यांत आधी झालं ते जुन्याच खडीवर गरम डांबर फवारणं. १९०९ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या रोड बोर्डाकडे मोटारी आणि पेट्रोलवरच्या कराचा पैसा आला आणि कामाला गती मिळाली.

गावातले सगळे रस्ते एकाच वेळी काळे झाले नाहीत, आणि ओळखण्याच्या दृष्टीनं हेच फार कामाचं आहे. १८८८ च्या कायद्यानंतर मुख्य रस्ते काउंटी कौन्सिलकडे आले. बाकीचे १८९४ पासून रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, म्हणजे काउंटीहून लहान ग्रामीण मंडळांकडे, होते आणि त्यांच्याकडे पैसा कमी. १ एप्रिल १९३० रोजी ग्रामीण भागातले सगळे सार्वजनिक रस्ते काउंटीकडे गेले. त्यामुळे एकाच चौकटीत मुख्य रस्ता काळा आणि त्याला मिळणारी गल्ली पांढरी असं दिसलं, तर फोटो बहुधा १९१० ते १९३० च्या दरम्यानचा धरावा. गल्लीही काळी आणि कडेला नीट गटार असेल तर १९३० नंतरचा असण्याची शक्यता मोठी.

रंगावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. त्या काळच्या फोटोप्लेट निळ्या प्रकाशाला जास्त आणि लाल रंगाला फारच कमी प्रतिसाद देत. म्हणून आकाश कोरं येतं, आणि डेव्हन किंवा हेरफर्डशायरच्या लाल मातीचा साधा रस्ताही डांबरी वाटावा इतका काळा उमटतो. उलट कॉट्सवोल्ड्सच्या चुनखडीचा रस्ता डोळे दिपवणारा पांढरा दिसतो. ओला रस्ता कुठलाही असो, काळाच दिसणार. खात्री करायची तर भिंगातून चाकोऱ्या शोधाव्यात. खडीच्या रस्त्यावर चाकांच्या दोन उथळ चाकोऱ्या आणि मधे घोड्याच्या टापांनी उकरलेला पट्टा असतो. डांबरावर चाकोरी पडत नाही, शेण मात्र पडतं. तेव्हा शेणावरून काही ठरवू नये.

डांबर आलं आणि रस्ता वर चढू लागला. खेड्यातल्या कमी वर्दळीच्या रस्त्याची नेहमीची डागडुजी म्हणजे सरफेस ड्रेसिंग: बिटुमेनचं इमल्शन फवारायचं, वर ६ किंवा १० मिलिमीटरची बारीक खडी पसरायची, रोलर फिरवायचा आणि काही दिवस ताशी २० मैलांच्या पाट्या लावून गाड्यांच्या चाकांनीच ती दाबून घ्यायची. हे काम साधारण मे ते सप्टेंबरमध्येच करतात, कारण थंड किंवा ओल्या पृष्ठभागावर बिटुमेन धरत नाही आणि खडी उडून कडेला जमते. प्रत्येक फेरीत रस्ता सेंटिमीटरभर वाढतो. नवा जाड थर टाकला तर चार सेंटिमीटर. शंभर वर्षांत असे किती थर पडले याचा हिशेब गावच्या उंबऱ्यांवर दिसतो. ज्या दाराला जुन्या फोटोत दोन पायऱ्या आहेत त्याला आज एकच आहे, आणि ज्याला एक होती तिथे रस्त्यावरून थेट आत, कधी एक पायरी खाली उतरावं लागतं.

यातून घरांची खरी हानी झाली आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. जुन्या दगडी, विटांच्या किंवा कॉबच्या, म्हणजे माती आणि पेंढ्याच्या, भिंतींना ओल अडवणारा थर नसतो. तो घालण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. अशी भिंत जमिनीतली ओल वर घेते आणि चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यांतून, बाहेर सोडते. पायाशी माती किंवा गोटे असेपर्यंत हे चालून जातं. डांबर भिंतीपर्यंत भिडवलं की ओलीला बाहेर पडायला भिंतीखेरीज जागा उरत नाही. त्यात हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेलं खनिज मीठ गाड्यांच्या चाकांनी भिंतीवर उडतं, सांध्यांत मुरतं आणि वाळताना स्फटिक होऊन दगडाचा पापुद्रा काढतं. मग मालक सिमेंटनं दर्जा भरतो. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि बंद, त्यामुळे ओल दगडातूनच बाहेर पडते आणि दर्जा शाबूत राहून दगड मात्र आत झिजतो. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंतीचा दगड खाल्लेला आणि सिमेंटच्या कडा बाहेर आलेल्या दिसल्या, तर हीच साखळी घडलेली असते. चुन्याचा गिलावा आणि भिंतीलगत हातभर रुंदीचा खडीचा चर एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो, पण फुटपाथच अठरा इंचांचा असेल तर चर काढायला जागा कुठून आणणार?

रस्ता किती चढला हे तपासायची एक छान खूण आहे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या, माणसांनी चर्चच्या, पुलाच्या, घराच्या कोपऱ्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवण्यासाठी बेंचमार्क कोरले: एक आडवी चीर आणि तिच्याकडे खालून टोक केलेला बाण. वाचायला सोपं जावं म्हणून ते साधारण गुडघ्याच्या आसपास कोरलेले असत. आज तो बाण पोटरीच्या उंचीला किंवा डांबरात अर्धा बुडालेला सापडला, तर फरक रस्त्याचा आहे.

कडा

खेड्यातल्या रस्त्याची रुंदी बहुतेक वेळा डांबरापेक्षा फार जुनी असते. वळणावळणांची अरुंद गल्ली मध्ययुगीन शेतवाटांची. गावाबाहेर पडताच सरळ रेषेत गेलेला आणि दोन्ही बाजूंना रुंद हिरवी साइडपट्टी असलेला रस्ता एन्क्लोजरच्या, म्हणजे सामाईक जमिनी कुंपण घालून खाजगी करण्याच्या, काळचा. १८०१ च्या सर्वसाधारण कायद्यानं अशा गाडीरस्त्यांना किमान ३० फूट रुंदी ठरवून दिली. चिखल झाला की गाड्यांनी कडेनं जावं यासाठी ही रुंदी होती. डांबर मधल्या पट्ट्यातच पडलं आणि उरलेल्या जागेवर गवत राहिलं, ते आज इतकं देखणं दिसतं की मुद्दाम राखलेलं वाटावं.

गावात गवत आणि रस्ता यांच्यामध्ये पूर्वी काहीच नसे, फार तर गोट्यांचं उथळ गटार. कर्ब, म्हणजे रस्त्याच्या कडेचा उंच दगडी काठ, हा बराचसा विसाव्या शतकाचा प्रकार आहे. ग्रॅनाइटचा कर्ब असेल तर जुना. सारख्या मापाचे काँक्रीटचे तुकडे असतील, आजचं प्रमाण माप ९१५ लांब, २५५ उंच, १२५ मिलिमीटर रुंद, तर काम कारखान्यात ओतलेल्या कर्बचं, म्हणजे तुलनेनं अलीकडचं. कर्ब आला की पाण्याला दिशा मिळते, पण साइडपट्टीवर झिरपणारं पाणी आता जाळीतून नळात जातं आणि पानगळीत जाळी तुंबली की सगळं एकाच दारात शिरतं.

खांब, पेट्या, पाट्या

डोकं वर केलं की तारा. आडव्या फळ्यांवर पांढऱ्या चिनीमातीच्या इन्सुलेटरांची रांग असलेला खांब टेलिग्राफ-टेलिफोनचा. दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू या उघड्या तारा जाऊन एका खांबाच्या टोकापासून घराघरांत गेलेल्या काळ्या केबल आल्या, छत्रीच्या काड्यांसारख्या. विजेचा खांब वेगळा: चार-पाच उघड्या तारा एकाखाली एक उभ्या. छपरावर 'एच' किंवा 'एक्स' आकाराचा मोठा अँटेना म्हणजे बीबीसीच्या जुन्या प्रक्षेपणाचा काळ. मिडलंड्समध्ये सटन कोल्डफील्डचं केंद्र डिसेंबर १९४९ मध्ये सुरू झालं, त्याआधी तिथल्या खेड्यात असा अँटेना दिसण्याचं कारण नाही. बारीक दातांचा आडवा अँटेना १९६४ नंतरचा, थाळी १९८९ नंतरची.

पोस्टाच्या पेटीवरची राजमुद्रेची अक्षरं वाचता आली तर काम बरंच सोपं होतं. 'व्हीआर' म्हणजे व्हिक्टोरिया, 'जीआर' म्हणजे पाचवे जॉर्ज, १९१० ते १९३६. 'जीव्हीआयआर' सहावे जॉर्ज. 'ईआयआयआर' १९५२ नंतरची. तिसऱ्या चार्ल्सच्या अक्षरांची पहिली पेटी जुलै २०२४ मध्ये केंब्रिजशायरच्या ग्रेट केंबोर्नमध्ये बसली. भिंतीतल्या पेट्या घर पाडल्यावर उचलून दुसरीकडे बसवलेल्या सापडतात, हे ध्यानात ठेवावं.

लाल टेलिफोन कियॉस्क खेड्यात आला तो प्रामुख्यानं 'के६'. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं तो आखला आणि १९३६ पासून तो बसू लागला. ओतीव लोखंड, सागाचं दार, उंची ८ फूट ३ इंच. तो फोटोत असेल तर १९३६ च्या मागे जायचं नाही. आणखी नेमकं हवं असेल तर छपराखालचा उठावातला मुकुट बघावा. कमानींचा माथा सरळ गोल चढणारा मुकुट ट्युडर, म्हणजे सहाव्या जॉर्जच्या काळचा. मधोमध खोलगट झालेला मुकुट सेंट एडवर्डचा, म्हणजे १९५३ नंतरचा ओतलेला. शंभर डीपीआयचं स्कॅन यासाठी पुरत नाही. पोस्टकार्ड किमान १२०० ला करावं. आज यातली हजारो खोकी पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतींनी, बीटी या टेलिफोन कंपनीकडून एक पौंडाला घेतली आहेत आणि आत डिफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) किंवा पुस्तकांचं कपाट आहे. रस्त्यावरची वस्तू रस्त्यावरच राहून उपयोगी पडत राहावी, याहून चांगली सोय सुचत नाही.

चौकातली बाणाची लाकडी किंवा लोखंडी पाटी, फिंगरपोस्ट, हा दुसरा पक्का पुरावा. १९२१ च्या परिपत्रकानं पांढऱ्यावर काळी, अडीच किंवा तीन इंच उंचीची मोठी अक्षरं ठरवली. खांबावरचे काळे-पांढरे पट्टे १९३३ च्या नियमांनंतरचे. मे-जून १९४० मध्ये जर्मन स्वारीच्या भीतीनं या पाट्या देशभर काढून टाकल्या, मैलाचे दगड पुरले, दुकानांवरची गावांची नावं रंगवून झाकली. त्याच काळातल्या फोटोत झाडांच्या बुंध्यांवर आणि कर्बवर पांढरे पट्टे दिसतात, ते युद्धातल्या ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे दिवे बंद ठेवण्याच्या सक्तीत, गाड्या आदळू नयेत म्हणून. १९४१ पासून बागांची लोखंडी रेलिंग कापून नेली; बुटक्या भिंतीच्या माथ्यावर शिशानं भरलेली भोकं आणि लोखंडाचे खुंट आजही बोटांना लागतात. रेलिंग शाबूत असलेला फोटो आणि खुंट उरलेला फोटो यांच्यामध्ये बहुधा तेच वर्ष असतं.

१ जानेवारी १९६५ पासून जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवलेल्या नव्या पाट्या लागू झाल्या. लहान-मोठी अक्षरं, चित्रखुणा, लाल काठाचा त्रिकोण. लहान मुलाचा हात धरून चाललेली मुलगी त्रिकोणात दिसली की फोटो त्यानंतरचा. जुने फिंगरपोस्ट काढण्याची सक्ती नव्हती, म्हणून पुष्कळ वाचले.

पाट्यांच्या गर्दीमागे एक चमत्कारिक नियम आहे. इंग्लंडमध्ये रस्त्यावर २०० यार्डांहून, म्हणजे १८३ मीटरहून, जास्त अंतर न सोडता दिवे लावलेले असतील तर तिथे ताशी ३० मैलांची मर्यादा आपोआप लागू होते आणि मधेमधे आठवणीच्या पाट्या लावत नाहीत. ही मर्यादा १८ मार्च १९३५ पासूनची. ज्या खेड्याला रात्रीचा अंधार प्रिय आहे आणि ज्यानं दिवे नाकारले, तिथे मर्यादेसाठी वेगळा आदेश काढावा लागतो आणि थोड्याथोड्या अंतरावर लहान पाट्या लावाव्या लागतात. दिवे नाहीत म्हणून गाव 'अस्सल' वाटावं, तर दिवसा खांबच खांब.

भिंतीवर काळ्या 'एच'ची छोटी पिवळी पाटी दिसली तर ती अग्निशामक दलासाठी. वरचा आकडा नळाचा व्यास, खालचा हायड्रंटचं, म्हणजे आग विझवायला पाणी घेण्याच्या तोटीचं, पाटीपासूनचं अंतर. वर ३ किंवा ४ असेल तर पाटी इंच-फुटांच्या काळची. ७५ किंवा १०० असेल तर मिलिमीटर-मीटरची.

गाड्या आणि रेघा

गाडी ओळखता आली नाही तरी नंबरप्लेट वाचावी. शेवटी वर्षाचं अक्षर १९६३ पासून, आणि सगळ्या भागांत १९६५ पासून. तेच अक्षर सुरुवातीला ऑगस्ट १९८३ पासून. दोन अक्षरं, दोन आकडे, तीन अक्षरं ही रचना सप्टेंबर २००१ पासून. पुढे पांढरी आणि मागे पिवळी चकाकणारी प्लेट नव्या गाड्यांना १९७३ पासून सक्तीची. यावरून गाडी केव्हाची ते कळतं. फोटो त्या वर्षाचा किंवा नंतरचा.

गाडी उभी करायला मनाई करणाऱ्या पिवळ्या रेघा खेड्यात का आल्या, याचं उत्तर साध्या वजाबाकीत आहे. घराघरांमध्ये पाच मीटरचा रस्ता धरा. १९५९ ची मिनी १.४ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना एकेक उभी केली तर मधे २.२ मीटर उरतात. त्याच नावाची आजची गाडी १.७ मीटरच्या वर. मधे दीड मीटरच्या आसपास. अग्निशामक गाडीसाठी इमारतींच्या नियमांत कर्बमधलं अंतर ३.७ मीटर धरतात. रस्ता तोच आहे, माप गाडीचं वाढलं. जुन्या गावांत रेघांनी रूप बिघडू नये म्हणून त्या फक्त ५० मिलिमीटर रुंद आणि फिकट पिवळ्या मारण्याची मुभा आहे. गडद, जाड रेघा चुनखडीच्या भिंतीशेजारी किती खुपतात हे पाहिलं की ही मुभा प्रत्येक काउंटीनं वापरावी असं वाटतं.

नावं उरतात

गावाच्या टोकाला, खडेदार गिलाव्याची, जोडीजोडीनं उभी, मागे लांब परसबागा असलेली घरं दिसली तर ती बहुधा १९१९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतरची कौन्सिलची. त्याआधीच्या वर्षी आलेल्या ट्यूडर वॉल्टर्स अहवालानं खेड्यात एकरी आठच घरं सुचवली होती. १९८० पासून भाडेकरूंना ती विकत घेता येऊ लागली आणि एकाच ओळीत निरनिराळी दारं-खिडक्या दिसू लागल्या. रंगीत फोटोत हे चटकन कळतं.

दुकानं गेली ती नावं मागे ठेवून. 'ओल्ड फोर्ज', 'ओल्ड बेकरी', 'ओल्ड पोस्ट ऑफिस' अशा पाट्यांची घरं म्हणजे गावच्या बाजारपेठेची यादीच. स्टेशन नसलेला 'स्टेशन रोड' ही पुष्कळ ठिकाणी १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर बंद झालेल्या रेल्वेमार्गाची खूण.

तीन गावं

विल्टशायरचं लॅकॉक हे वरच्या सगळ्या खुणांना अपवाद. हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट असा चार रस्त्यांचा चौकोन. सगळं गाव एकाच इस्टेटीचं, म्हणून भाडेकरूंना घरं बदलायला वाव नव्हता. १९४४ मध्ये मटिल्डा टॅल्बट यांनी ॲबी (जुना मठ) आणि गाव नॅशनल ट्रस्टला, म्हणजे वारसास्थळं राखणाऱ्या संस्थेला, दिलं. तारा जमिनीखाली, छपरावर अँटेना नाही. याच ॲबीत विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये खिडकीची निगेटिव्ह काढली, आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी. अशा गावाचा काळ ठरवायचा तर डांबर, पायऱ्या आणि गाड्या एवढंच हाताशी उरतं. त्यातही सावध राहावं: इथे जुन्या काळातल्या कथांचं चित्रण होतं तेव्हा गाड्या हलवून डांबरावर माती पसरतात. रंगीत फोटोत मातीचा रस्ता दिसला तर तो शूटिंगचा समजावा.

डोर्सेटचं मिल्टन ॲबस १७८० च्या सुमारास लॉर्ड मिल्टननं जुनं गाव पाडून नव्यानं वसवलं, ३६ जवळजवळ सारखी शाकारलेली घरं, पुढे हिरवळ. दोन घरांच्या मधे हॉर्स चेस्टनटचं एकेक झाड होतं. पुढे ती काढली. झाडं आहेत का, हा इथला पहिला प्रश्न. वूस्टरशायरच्या ब्रॉडवेमध्ये बायपास १९९० च्या दशकाच्या अखेरीस झाला आणि हाय स्ट्रीटचं वरचं टोक वाहनांसाठी बंद झालं. लंडनकडे जाणारी ट्रकांची रांग असलेला फोटो त्याआधीचा.

जागा शोधणं आणि पुन्हा फोटो काढणं

नकाशापासून सुरुवात करावी. ऑर्डनन्स सर्व्हेचे मैलाला २५ इंच प्रमाणाचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत, आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून बघता येतात. अक्षरं ओळखा: 'पी' पंप, 'डब्ल्यू' विहीर, 'एलबी' पोस्टाची पेटी, 'जीपी' दिशादर्शक खांब, 'एमएस' मैलाचा दगड, 'बीएम' बेंचमार्क, 'टीसीबी' टेलिफोन. एका आवृत्तीत 'एलबी' नाही आणि पुढच्या आवृत्तीत आहे, तर पेटीची तारीख दोन सर्वेक्षणांच्या मधे सापडली. शीटच्या कडेला सर्वेक्षणाचं साल आणि छपाईचं साल वेगळं दिलेलं असतं. धरायचं ते सर्वेक्षणाचं.

नंतर चर्च. इंग्लंडमधली जुनी चर्च पूर्व-पश्चिम असतात, वेदी पूर्वेला, मनोरा बहुधा पश्चिमेला. त्यावरून सावल्यांची दिशा आणि दिवसाचा प्रहर काढता येतो. सावली आखूड आणि झाडं भरलेली असतील तर उन्हाळ्यातली दुपार. आपणही त्याच सुमारास जावं.

उभं राहण्याची जागा नेमकी मिळवायची तर फोटोतल्या दोन वस्तू निवडाव्यात, एक जवळची आणि एक दूरची: समजा, डावीकडच्या घराची वळचण आणि मागच्या चर्चचा मनोरा. जुन्या फोटोत त्या जिथे एकमेकींना छेदतात तशाच दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरकावं. मग उजव्या बाजूची अशीच दुसरी जोडी घेऊन पुढे-मागे सरकावं. दोन्ही जुळल्या की जागा पक्की. झूम करून जुळवू नये, कारण वस्तूंचं परस्परांशी नातं जागेवरून ठरतं, लेन्सवरून नाही. जागा मिळाल्यावर रुंद फोटो काढून घरी कापावा. जुन्या तिकाटण्याची उंची छातीएवढी असे, तेवढीच ठेवावी. अडचण एकच, की जुना फोटोग्राफर रस्त्याच्या मधोमध उभा राहत असे. आज तिथे उभं राहायचं तर रविवारी पहाटे, जोडीला वाहनांवर लक्ष ठेवणारं माणूस घेऊन; सावल्या जुळल्या नाहीत तरी चालेल.

कार्डावर पेनानं काही लिहू नये. वेगळ्या कागदावर मऊ पेन्सिलीनं काळ लिहावा, एकच साल न देता दोन टोकं द्यावीत आणि प्रत्येक टोकाचं कारण सोबत लिहावं: '१९३६ नंतर, के६ कियॉस्क आहे, बहुधा १९४१ आधी, रेलिंग शाबूत.' स्कॅन आणि हा कागद त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला तर ते आनंदानं बघतात; गावाचं नाव चुकीचं छापलेली कार्डं अशीच दुरुस्त होतात.